धाकट्यानं आधी बोलायचं

"या वेळी उलटं करू या," गोतिए म्हणाला. "थोरल्यानं आधी बोलायचं, धाकट्यानं शेवटी."

सकाळचे नऊ वाजले होते. स्वयंपाकघरात आम्ही पाचही जण उभ्या उभ्या कोरडा पाव चावत होतो. ब्रँडीच्या चाखणीच्या दिवशी आमच्याकडे कॉफी नसते, लोणी नसतं, आणि कांदा-लसूण तर दुपारपर्यंत घरात चिरायचासुद्धा नाही. मार्सोदाँच्या घरात येऊन मला बेचाळीस वर्षं झाली आणि दर चाखणीला न चुकता माझं डोकं दुखतं. पांढऱ्या राजम्याचं पातेलं चुलीच्या बाजूला झाकून ठेवलं होतं. ते चढवायची परवानगी मला सगळ्यांची नाकं मोकळी झाल्यावर मिळणार होती.

"कशासाठी उलटं?" माझ्या नणंदेनं, ओदीलनं, विचारलं.

"सहज. दर वेळी सोलेन धाकटी म्हणून आधी बोलते आणि मग आम्ही सगळे तिच्या मागे जातो. एकदा बदल म्हणून."

"तुझ्या खापरपणजोबांनी हा नियम का घातला ते ठाऊक आहे ना? म्हाताऱ्यानं आधी तोंड उघडलं की पोरांची नाकं बंद होतात."

"ठाऊक आहे, आत्या. पण आमची नाकं काही आता एवढी घाबरट राहिली नाहीत."

"तू तर बोलूच नकोस. विमानतळावरची अत्तरं हुंगून हुंगून तुझं नाक केव्हाच कामातून गेलंय."

सगळे हसले. गोतिएही हसला. माझा हा मुलगा चाळिशीचा, आमच्या बाटल्या घेऊन जगभर हिंडतो, आणि कुणाचं बोलणं अंगाला लावून घेत नाही. पण त्यानं आपला मुद्दाही सोडला नाही. माझा नवरा आंसेल्म मध्येच म्हणाला, "नियम म्हणजे नियम. उगाच कशाला खेळ," आणि तो हे इतक्या घाईनं म्हणाला, की मला त्याच्याकडे बघावंच लागलं.

"राहू दे रे, आंसेल्म," ओदील म्हणाली. "उलटं तर उलटं. मी काय घाबरते की काय कुणाला?" तिनं हातातल्या पावाचा चुरा झाडला आणि ताठ मानेनं निघून गेली. तो चुरा तिनं मुठीत किती घट्ट आवळला होता, ते मी पाहिलं होतं.

आता मला काय ठाऊक होतं ते सांगते. जानेवारीत ओदीलला ताप आला होता, आठवडाभर अंथरुणात होती. मार्चमध्ये एकदा मी कपडे वाळत घालायला अंगणात गेले आणि चुलीवर दूध विसरले. दूध उतू गेलं, जळलं, पार कोळसा झाला. अंगणात मला वास आला म्हणून मी धावत आले, तर ओदील चुलीपासून हातभर अंतरावर बसून पेपर वाचत होती. "काय गं, धावतेस कशाला?" म्हणाली. पातेलं घासून ठेवलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

चौतीस वर्षं ही बाई आमच्या कोठाराची मुख्य. लग्न केलं नाही, वेगळं घर मांडलं नाही, वडिलांमागून कोठार हातात घेतलं आणि नाकाच्या जोरावर सगळ्या पंचक्रोशीत मान मिळवला. मोठमोठ्या कंपन्यांचे लोक तिच्यासमोर पेला धरून शाळेतल्या पोरांसारखे उभे राहायचे. आता ते नाकच गेलं तर तिनं जावं कुठे? माझ्या स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलायच्या? तिला याचीच धास्ती होती, हे मला दिसत होतं. कोठारातून बाहेर काढलं, की तिचं काही उरत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात आठवडाभरसुद्धा टिकलो नसतो.

त्या दुधानंतर माझ्या लक्षात आलं, की पूर्वी या नियमाचा तिला कंटाळा होता आणि आता तोच नियम तिचा आधार झालाय. धाकट्यानं आधी बोलायचं म्हणजे तिनं सगळ्यांत शेवटी. तिघांचं ऐकायचं आणि म्हणायचं, "सोलेन बरोबर आहे." रोजच्या कामात ते खपून गेलं. पण आजचा दिवस रोजचा नव्हता. आज थोरल्यात ओतायचं होतं.

आमच्या कोठारात सगळ्यांत आतल्या खोलीला स्वर्ग म्हणतात. तिथं खापरपणजोबांनी सुरू केलेलं थोरलं पिंप आहे. पंधरा-वीस वर्षांतून एकदा त्यात एका जुन्या पिंपातली आमची कोन्याक ब्रँडी मिसळायची, एकाच पिंपातली, आणि ती कुठली हे चाखणीत ठरवायचं. एकदा ओतली की परत काढता येत नाही. पाच पिढ्यांनी जपलेलं एका दुपारी नासू शकतं. या वेळी दोन पिंपं होती. एक शहात्तरचं, त्या बिनपावसाच्या कोरड्या सालातलं, सासऱ्यांच्या हातचं. दुसरं पंच्याऐंशीचं. त्या जानेवारीत हिमानं अर्धे वेल मारले होते. उरलेल्या द्राक्षांवर ओदीलनं वडिलांच्या पश्चात पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीनं भट्टी लावली होती. तेव्हा सोलेन माझ्या पोटात होती.

दहा वाजता मी कोठीघरात पेले पुसत होते. खिडकीखाली अंगणात माझी दोन्ही मुलं भांडत होती.

"तुला कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?" गोतिए म्हणत होता. "उन्हाळ्यात नॉर्वेचे लोक आले होते. त्या नमुन्याला बुरशीचा वास मारत होता, माझ्या या नाकालासुद्धा आला. आत्या म्हणाली, 'छान उतरलंय.' सोलेन, ती शेवटी बोलते आणि तुझंच वाक्य परत म्हणते."

"म्हणून तू तिला सगळ्यांसमोर उघडं पाडणार?"

"मला ते थोरलं पिंप वाचवायचंय. आज चूक झाली तर ती तुझ्या माथी येणार. पुढची चाळीस वर्षं तिथं तू उभी असणार आहेस."

सोलेन म्हणाली, "ती मला रोज सकाळी विचारते, 'तुला काय वाटतं?' आधी सहा-सहा महिने नुसती पिंपं धुवायला लावायची. या वर्षी विचारायला लागली. मला वाटलं, तिला माझं नाक पटलं. घरी जाऊन रडले होते रे मी आनंदानं."

गोतिएच्या बुटांचा आवाज लांब गेला.

मी पेले पुसायचं उरकलं. चाखणीचे पेले भरणं माझ्याकडे असतं, कारण या घरात मला एकटीलाच मत नाही. मी जार्नाक गावातल्या पिंपं बनवणाऱ्याची मुलगी. मला लाकूड कळतं, दारू नाही. (दारू हा शब्द ओदीलला खपत नाही, पण ती हे वाचणार नाही.) चार तबकं, प्रत्येकात दोन पेले. एकाच्या देठाला पांढरा दोरा, दुसऱ्याच्या देठाला काळा. कुठल्या दोऱ्यात कुठलं साल ते फक्त मला ठाऊक. पांढऱ्या दोऱ्याच्या चारही पेल्यांत मी शहात्तर ओतली आणि बाटली खाली ठेवली, तेवढ्यात दार लोटून आंसेल्म आत आला. भट्टीवरून तसाच आला होता, कोमट वाइनचा वास मारत.

"तू इथं काय करतोस?" मी म्हटलं. "आत यायचं नसतं."

"मारिव्हॉन," तो हळूच म्हणाला, "पांढऱ्यात कुठली आहे?"

बेचाळीस वर्षांत त्यानं मला हे कधी विचारलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो चोरी सापडलेल्या माणसासारखा लाल झाला होता.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?" मी विचारलं.

"फेब्रुवारीपासून. भट्टीवर रबराची नळी जळत होती आणि ताई शेजारी उभी राहून माझ्याशी गप्पा मारत होती." मग त्यानं मान वर केली. "आणि तुला?"

"मार्चपासून."

"मला सांगितलं नाहीस."

"तू सांगितलंस का?"

दोघांनाही हसू आलं आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. "पांढऱ्यात शहात्तर आहे," मी सांगितलं. हे पाप आहे हे मला कळत होतं. तरी सांगितलं. तो गेला. मी डोळे पुसले, समोरची बाटली उचलली आणि काळ्या दोऱ्याचे पेले भरले.

बोळात त्यानं ओदीलला गाठलं. ती पांढरा झगा चढवत होती, तिला बाही सापडत नव्हती. त्यानं बाही धरली आणि हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं म्हणाला, "ताई, पांढऱ्या दोऱ्यात शहात्तर आहे बरं का."

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी विचारलं का तुला?" म्हणाली. पण बाही धरलेल्या त्याच्या हातावर तिनं आपला हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यानंच मला हे रात्री सांगितलं. लहानपणानंतर तिनं असा हात कधी धरला नव्हता, म्हणाला.

अकरा वाजता चौघं चाखणीच्या खोलीत बसले. मी तबकं मांडली आणि दाराशी उभी राहिले. उत्तरेच्या खिडकीतून उजेड येत होता. ओदीलनं पेल्यावरचं काचेचं झाकण काढलं, पेला तिरका धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मग दुसरा. नेहमीसारखीच, तेवढाच वेळ घेऊन.

"पांढरा," ती म्हणाली. "आधी सुकं अंजीर येतं. घाई केली तर तेवढंच येतं, आणि लोक तिथंच खूश होऊन पेला खाली ठेवतात. थांबलं की तंबाखू, ओल्या पानाची नव्हे, डब्यात राहिलेली. आणि सगळ्यांत शेवटी आयरिसच्या फुलझाडाचं मूळ. बाबांच्या हातचं आहे हे, शहात्तरचं." तिनं काळ्या दोऱ्याचा पेला उचलला. "हा थंड आहे. अक्रोडाचं हिरवं साल, व्हॅनिला थोडी, आणि मध्ये एक जागा रिकामी. चांगला आहे, प्रामाणिक आहे, पण मध्ये रिकामा आहे. थोरल्यात पांढरा जाऊ दे."

काय बोलली ती! मला दारूतलं कळत नाही, पण मला त्या क्षणी अंजीर आलं, तंबाखू आली. मनात म्हटलं, निभावलं.

आंसेल्मनं दोन्ही पेले हुंगले. त्याच्या कपाळावर आठी आली. त्यानं पुन्हा पांढरा घेतला, पुन्हा काळा. मग त्यानं सरळ माझ्याकडे बघितलं आणि मला काही कळेना. "ताई म्हणते तसंच," तो म्हणाला. "पांढरा."

गोतिएची पाळी आली. त्यालाही कळलं, दोन्हीत एकच दारू होती. त्यानं नंतर मला सांगितलं, "आई, सकाळपासून मला पुरावा हवा होता. तो माझ्या हातात होता. आणि मी वर बघितलं तर आत्या माझ्याकडे बघत होती, पेला धरून, आणि तिच्या मानेवरची शीर उडत होती. लहानपणी मला गोवर झाला तेव्हा तीच रात्रभर बसली होती." त्यानं पेला खाली ठेवला. "पांढरा," तो म्हणाला.

उरली सोलेन.

तिनं पहिला पेला घेतला, दुसरा घेतला आणि लगेच दोन्ही खाली ठेवले. तिला दोन वेळा हुंगायची गरज नव्हती. चेहरा पांढराफटक पडला. ती वडिलांकडे बघते, तर ते खाली बघतायत. भावाकडे बघते, तर तो खिडकीबाहेर. तिच्या एका शब्दावर दुपारी थोरल्यात ओतलं जाणार होतं, आणि पंच्याऐंशीची तर कुणी हुंगलीसुद्धा नव्हती. आणि खरं बोललं, की आत्याचं काय होणार हेही तिला समजत होतं. माझी पोरगी तिथं एकटी पडली होती आणि मला तिच्याजवळ जाता येत नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली, "दोन्ही एकच आहे. दोन्हीत शहात्तर आहे."

मी कोठीघरात धावले. एक बाटली जवळजवळ रिकामी, दुसरी गळ्यापर्यंत भरलेली. मी परत दारात आले आणि म्हटलं, "माझी चूक. मी एकच बाटली दोनदा ओतली. ताई, तुमची शपथ, मी मुद्दाम नाही केलं."

ओदीलनं पेला टेबलावर ठेवला. तिनं आधी भावाकडे पाहिलं, मग गोतिएकडे.

"तुम्हा दोघांना कळलं होतं."

"हो, ताई," आंसेल्म म्हणाला.

"तरी पांढरा म्हणालात."

"मी चुकलो, आत्या," गोतिए म्हणाला. "सकाळीसुद्धा चुकलो."

"सकाळी तू बरोबर होतास. आत्ता चुकलास." तिचा आवाज अजून कोठारातलाच होता. "माझी दया येऊन थोरलं पिंप नासवायला निघालात? बाबा असते तर दोघांना झोडपलं असतं." मग तो आवाज एकदम गेला. ती खुर्चीत मागे टेकली आणि छोटी दिसायला लागली. "दहा महिने झाले," ती म्हणाली. "काही येत नाही. साबण नाही, पाऊस नाही, हे नाही. सकाळी कोठाराचं दार उघडते तेव्हा वाटतं, आज येईल. मला घरात बसवा आता. बसवायलाच हवं."

सोलेन उठली. मला वाटलं, आत्याच्या गळ्यात पडणार. पण ती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "रोज सकाळी मला विचारायचीस, ते फक्त यासाठी?"

"आधी यासाठीच," ओदील म्हणाली. खोटं बोलायचं बळ तिच्यात राहिलं नव्हतं. "पहिले दोन महिने मी तुझं सगळं कागदावर लिहून माझ्या जुन्या नोंदींशी ताडून बघायची. घाबरून. मग एक दिवस ताडून बघणं सोडलं. तू चुकतच नव्हतीस गं."

सोलेननं तोंडावर हात धरला. थोड्या वेळानं तो काढला आणि म्हणाली, "मग घरात कशाला बसवायचं? आत्ता तू वास न येता शहात्तरचं सगळं सांगितलंस. इतक्यांदा हुंगूनसुद्धा मला आयरिस कधी सापडलं नव्हतं, आज तू म्हणालीस तेव्हा सापडलं. चारशे पिंपं आहेत तिथं, आणि त्यांचं मागचं सगळं तुझ्या डोक्यात आहे. मला एकटीला नाही जमणार. उद्या सात वाजता कोठारात ये, नेहमीसारखी."

"नाक नसलेल्या बाईला कोण ठेवतं कोठारात?"

"मी ठेवते," सोलेन म्हणाली.

आंसेल्मनं हातरुमाल काढून जोरात नाक शिंकरलं. चाखणीच्या खोलीत हे करणं गुन्हा आहे, पण कुणी बोललं नाही.

मी दुसरी बाटली आणली आणि या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काळ्या दोऱ्याचा एक पेला रिकामा करून पुन्हा भरला. सोलेननं तो घेतला. ओदील आपोआप पुढे वाकली.

"अक्रोडाचं साल," सोलेन म्हणाली. "हिरवं. तू म्हणालीस तसंच. व्हॅनिला."

"आणि मध्ये?"

सोलेन थांबली. "मध्ये जर्दाळू आहे."

"मध्ये काही नाही," ओदील म्हणाली. "पंच्याऐंशीत मध्ये काही नसतं. मागच्या वर्षीसुद्धा नव्हतं."

"आहे, आत्या. जर्दाळू आहे."

ओदीलनं तिचं मनगट धरलं. "फळ की बी? घाई करू नकोस. फळ गोड येऊन लगेच जातं. बी फोडली तर कडवट येतं, जरा बदामासारखं, आणि जात नाही. थांब. हुंग पुन्हा."

सोलेननं डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे.

"बी," ती म्हणाली. "कडवट आहे. जात नाही."

ओदीलच्या तोंडातून आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा ते मला सांगता येणार नाही. "थोरल्यात हेच आहे," ती म्हणाली. "मुळात हेच होतं. बाबा म्हणायचे, ते आपोआप येतं नाहीतर येतच नाही. आंसेल्म, आपण लावलेली भट्टी रे ती. चौतीस वर्षं दर हिवाळ्यात मी त्या पिंपाशी जाते. दर वर्षी ती जागा रिकामी. आणि आलं ते या वर्षी."

आंसेल्मनं मान हलवली.

"पंच्याऐंशीच जाऊ दे थोरल्यात," गोतिए हळूच म्हणाला, आणि कुणाचंच दुमत नव्हतं.

ओदीलनं सोलेनच्या हातातून पेला घेतला आणि आपल्या नाकाशी धरला. मुलीचं मनगट मात्र सोडलं नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"सांग मला," ती म्हणाली. "कसं आहे ते सांग. पहिल्यापासून सांग."

सोलेन तिच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसली आणि सांगायला लागली. अक्रोडापासून सुरुवात केली, मग लाकूड, मग ती बी, ती कशी येते, कशी आधी वाटतच नाही आणि मग सगळी जागा व्यापून टाकते. कुठे शब्द अडला तर ओदील तो पुरवायची आणि सोलेन तिच्या हातातल्या पेल्यावर वाकून, पुन्हा हुंगून म्हणायची, हो, तेच. सांगून संपलं तेव्हा सोलेन गप्प झाली.

"आणखी," ओदील म्हणाली.

"एवढंच आहे, आत्या."

"नाही," ती म्हणाली, आणि पेला तिच्या हातात परत दिला. "खूप आहे त्यात. आणखी सांग."